कागदावरची शेळी चालली

मित्रांनो, आज पेडगावात आमच्या ओसरीवर जे घडलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुपारी मोबाइलवर शंभरेक वर्षांपूर्वीचं एक मुकं कार्टून बघत होते. विहिरीत पडलेला कोल्हा भोळ्या शेळीला आत बोलावतो आणि तिच्याच पाठीवरून बाहेर निघतो, ती जुनी गोष्ट. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी जन्मभर शेळ्या राखल्या. माझी चित्रं म्हणजे त्यांच्या मते कागदाची नासाडी.

"ही शेळी खरी हाय का गं?"

"न्हाई आत्याबाई, हातानं काढलीय. एका पावलाला कितीतरी चित्रं लागतात."

त्यांनी तेच चार वेळा बघितलं. "आधी मागचा पाय उचलती, मग त्याच अंगाचा म्होरचा. बराबर काढलंय! तुला येतं का असं?"

त्या सांगत गेल्या, मी काढत गेले. बारा कागद झाले. भरभर उलटले आणि आमची शेळी चालली!

आत्याबाईंनी ते कागद पुन्हा स्वतः उलटून बघितले. मग माझा शाईनं माखलेला हात हातात घेऊन बघत बसल्या.

तुमचं काम घरच्यांनी असं पहिल्यांदा बघितलं, तो दिवस तुम्हाला आठवतो का?