टाचेखालची जाड रेघ

माणूस समोर आला की आमचे ड्रॉइंगचे सर आधी त्याच्या पायांकडे बघायचे. नवा माणूस बिचारा अवघडायचा, चप्पल तुटलीय की काय म्हणून स्वतःच खाली वाकून बघायचा. मग सर म्हणायचे, "निवांत उभं ऱ्हावा. वजन कुठं पडतंय तेवढं बघू द्या."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर उगाच ताठ उभं राहावंसं वाटतं. न्हावऱ्याच्या शाळेत आम्ही बरीच वर्षं एकत्र काढली. मी मराठी शिकवायचे. घरंही शेजारी शेजारी, मधलं कुंपण नावालाच. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, पण सरांचं ऐकून ऐकून एवढं पाठ झालं, की शाईत बुडवलेला टाक दाबला की त्याचं टोक फाकतं आणि रेघ जाड होते, हात हलका सोडला की बारीक. "जिथं भार, तिथं जाड. जिथं उजेड, तिथं बारीक. सगळी रेघ सारखीच वढली तर माणूस दिसत न्हाई, खुंटीवरचा सदरा दिसतो," हे त्यांचं वर्गातलं पालुपद.

शाळेतून कुणी निवृत्त झालं की शाल-नारळाबरोबर सरांनी काढलेलं त्याचं चित्र द्यायचं, अशी आमच्याकडे रीतच पडली होती. हेडसरांच्या चित्रात नाक-डोळे जेमतेम, पण पोटाखालची रेघ अशी काही ठसठशीत, की भर कार्यक्रमात खसखस पिकली. हेडसर आठवडाभर फुगून बसले. नंतर तेच चित्र त्यांनी बैठकीच्या खोलीत लावलं.

जवळजवळ अख्खं गाव सरांनी कागदावर उतरवलं असेल. डेअरीवाला, एसटीचे कंडक्टर, पारावरचे आबा. राहिल्या त्या फक्त वहिनी, सरांची बायको. दोन गाई होत्या त्यांच्या. सकाळी धारा काढून दुधाची किटली डेअरीला न्यायच्या. चित्राचा विषय काढला की म्हणायच्या, "मी काय पुढारी हाय व्हय?" सरही म्हणायचे, "घरचंच माणूस हाय. काढू की कवाबी."

मग वहिनींचं दुखणं निघालं. पुण्याच्या खेपा सुरू झाल्या, गाई विकल्या, आणि बघता बघता त्या बाईची नुसती हाडं राहिली. एका दुपारी मी पेज घेऊन गेले तर सर दौत घेऊन खाटेशेजारी बसलेले. वहिनींना झोप लागली होती. मी चित्रात डोकावले. डोक्याखाली, पाठीखाली, सगळीकडे एकच केसासारखी रेघ.

"जाड रेघ कुठंच नाही का हो, सर?"

"वढून बघितली, बाई. खोटी वाटती. हिचा भारच पडंना गादीवर."

मी पेज ठेवली आणि घरी येऊन पोटभर रडले.

वहिनी गेल्या. तेरावं झाल्यावर एका सकाळी सर कुंपणापाशी आले. हातातल्या कागदावर वहिनींचा चेहरा होता, अगदी हुबेहूब, आजारपणाआधीचा. मानेच्या खाली कोरा कागद.

"बाई, डेअरीला जाताना ती हितं तुमच्याशी बोलत थांबायची. कुठल्या पायावर उभी ऱ्हायची?"

मी कुंपणावरून वाकून कागद बघितला.

"चार दिवस झालं आठवतोय. हिला एकदा तरी नीट उभी करायची हाय कागदावर. अख्ख्या गावाचे पाय बघितले मी. हिचे तेवढे न्हाई बघितले." एवढं बोलून सर कुंपणाचा खांब धरून रडायला लागले.

खरं सांगते, मला आधी रागच आला. एवढी वर्षं काय डोळे मिटून जेवत होता, असं तोंडावर आलं होतं. पण मी आत गेले आणि माझी किटली घेऊन आले.

"डाव्या पायावर. उजवी टाच जरा उचललेली. आणि कितीही वेळ बोलल्या तरी किटली खाली ठेवायच्या नाहीत."

"का?"

"'ठिवली की बसावं वाटतं, बाई,' म्हणायच्या."

सरांनी घरातून दौत-टाक आणला. मग म्हणाले, "भरून घ्या. रिकामीनं भार येत न्हाई."

किटली पाण्यानं भरून मी वहिनींसारखी उभी राहिले. हात भरून आला, बोटं वळली, तरी खाली ठेवली नाही. सर चित्रात डाव्या टाचेशी आले तेव्हा टाक इतका दाबला की कागदाची कुरकुर मला ऐकू आली.

चित्र त्यांनी स्वतःकडे ठेवलं नाही. "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. तिला उभी बघितलेलं माणूस तुम्हीच." पुढच्या उन्हाळ्यात तेही गेले.

परवा मी निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. चित्राचं कुणी बोललं नाही. नव्या लोकांना ती रीत माहीतच नाही.

घरी आले आणि वहिनींच्या चित्रासमोर थांबले. चेहरा त्यांचा, खालचं सगळं उभं राहणं मी दाखवलेलं, आणि टाचेखाली ती जाड काळी रेघ. किती वेळ गेला कुणास ठाऊक. उजवा हात दुखायला लागला तेव्हा ध्यानात आलं, शाल-नारळाची पिशवी मी अजून खाली ठेवलीच नव्हती.