मागची चकती

घाटाच्या वळणावर जनू माझ्या पुढं निघून गेला. माझ्याच वयाचा. पाय भराभर फिरत होते, सायकल मात्र सावकाश सरकत होती. जाता जाता म्हणाला, "बापू, हट्ट सोड की! मागच्या चाकाला साखळीची मोठी दातेरी चकती बसव, चढ हलका होतो."

हलका! घरात सगळं हलकंच केलंय माझं. सुनेनं भात मऊ केला, पोरानं खाट खालच्या खोलीत आणली, भाजीची पिशवीसुद्धा हातातून काढून घेतात. म्हणून सायकलवाल्याला ठणकावलं होतं, जवान पोरं लावतात तीच लहान चकती लाव. जड जाईल म्हणाला. जाऊ दे, एवढं एक तरी जड राहू दे.

जनू दिसेनासा झाला. माझी चकती अजून लहानच आहे. आणि मी सायकल हातात धरून पायी घाट चढतोय.