उलटे फिरलेले अकरा दोरे

मावशींचा निम्मा जन्म विमानातल्या सीटांची कव्हरं शिवण्यात गेला. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना त्यांची बदली चाचणीच्या हँगरमध्ये झाली. "तिथे काय शिवणार?" लेकीने विचारलं. "पंखांना लोकर चिकटवायची आहे," म्हटल्यावर ती पोट धरधरून हसली.

पण काम खरंच तेच होतं. लढाऊ विमानाचा नवा पंख कसा वागतो हे अजमावायला एकच विमान बांधलं होतं. पंख पुढच्या बाजूला झुकलेले, जणू घाईगडबडीत कुणी उलटे बसवले. त्यांवर मावशी लोकरीचे बोटभर लांब दोरे ओळीने चिकटवत. उड्डाणात शेजारून दुसरं विमान त्यांचे फोटो काढी. हवा नीट वाहिली तर दोरे मागे झोपत. हवा पंखाला सोडू लागली की उलटे फिरत.

तिसऱ्या उड्डाणाच्या फोटोत डाव्या पंखाच्या मुळाशी अकरा दोरे उलटे दिसले.

"तुमची चिकटपट्टी सुटली, मावशी," मुख्य इंजिनियर म्हणाले. "उद्या ठरल्याप्रमाणे नाक आणखी वर उचलायचं."

पट्टी सुटली असेल तर बोलणी खाऊन भागलं असतं. सुटली नसेल, तर हवाच पंखाला सोडत होती, आणि उद्या नाक आणखी वर गेलं की विमान हाताबाहेर जायचं. आणि ते उडवणारी पायलट त्यांच्या लेकीच्याच वयाची.

त्या शिडीवर चढल्या. अकराही दोरे हलकेच ओढून पाहिले. मग वरूनच हाक मारली, "साहेब, जरा वर या."

"मीटिंग आहे हो."

"असू दे. एक दोरा ओढा नि जा."

साहेबांनी हिसका दिला. दोरा तुटून हातात आला, पट्टी जागची हलली नाही. दुसरा ओढला. तिसरा. चौथ्याला त्यांनी हात लावला नाही.

"उद्याचं रद्द," ते म्हणाले.

थोड्या वेळाने पायलट तणतणत आली. "मावशी, महिनाभराच्या तयारीवर पाणी फिरवलंत माझ्या!"

"फिरवलं. आता रिकामीच आहेस ना? साहेबांनी तीन दोरे तोडलेत, तेवढे नवे कापून दे."

तोंड फुगवूनच ती शिडीपाशी बसली आणि कात्री चालवू लागली. दोन दोरे आखूड कापले गेले. मावशींनी ते बाजूला ठेवले आणि लोकरीचा गुंडा पुन्हा तिच्याकडे सरकवला.