मोतियाचे पायमोजे

वृंदामावशीला पुण्याहून गुडगावला येऊन बरीच वर्षं झाली, पण दिल्लीकडच्या थंडीवर तिचा अजून काडीचा विश्वास नाही. दिवाळी सरली की ती दिसेल त्याला लोकर चढवते. श्रीपादकाकांना कानटोपी, कुंडीतल्या तुळशीला जुनी शाल. आठवडाभर ऑफिसात “टीम, प्लीज, फोकस!” आणि रविवारी मानेसरच्या रस्त्यावर, घोडेस्वारीच्या शाळेत, मोतियाच्या पाठीवर.

मोतिया पांढरी घोडी. धुक्यात उभी राहिली की अर्धी विरघळते, नुसते डोळे उरतात. पण दुडक्या चालीत तिचा एक खूर दुसऱ्या पायाच्या आतल्या बाजूवर आपटतो. तिथली जखम नुकतीच भरली होती. शाळा चालवणाऱ्या उस्तादजींचं ‘मैडम जीऽऽ’ मैदानाला एक फेरी मारून मग आपल्यापाशी पोचतं.

“मैडम जीऽऽ, एक बार और लगी, तो मोतिया बारातवाले के यहाँ. सफेद घोड़ी है, आराम से शादियाँ करेगी.”

“आराम? बँडच्या शेजारी?” मावशी पांढरी पडली.

मग तिने दुकानभर धुंडून मोतियासाठी पायमोजे आणले. चामड्याचे, आतून जाड लोकर.

“बिल्कुल उबदार!”

“कानटोपी विसरलीस तिची,” काका म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा हो!”

रविवारी मोहरीच्या शेतामागे धुक्यात अर्धवट बांधलेले टॉवर तरंगत होते आणि मोतिया ढगावरून चालल्यासारखी चालत होती. थोड्या वेळाने ती पाय झटकू लागली. मोजे काढले, तर घामाने ओली झालेली लोकर वाळूने भरलेली आणि खालची कातडी लाल.

मावशी कट्ट्यावर बसली. बसल्या बसल्या बूट काढून स्वतःच्या लोकरी मोज्यांवरून पाय कराकरा खाजवू लागली, आणि हात थांबला.

“अगंबाई! हिला मार लागतो. थंडी कुठे वाजतेय?”

पुढच्या रविवारी नवे मोजे आले: आतून गुळगुळीत रबर, आणि खूर लागतो तिथेच तेवढं कडक कवच. मावशीने आधी पाय ब्रशने झाडले, पट्टे लावले, खाली बोट सरकवून पाहिलं. धुक्यातून टक्, टक् ऐकू येत होतं, खूर कवचावर आपटत होता. मोतिया मात्र स्वप्नात असल्यासारखी चालत राहिली.

उस्तादजींनी मोजे काढून आतल्या बाजूने अंगठा फिरवला. कोरडं, साफ.

“बारातवाले को बोल दूँगा, मैडम जीऽऽ, घोड़ी खाली नहीं है.”

मावशीने आपली कानटोपी काढली आणि मोतियाच्या मानेवर गाल टेकला. भर जानेवारीत, उघड्या कानांनी.