ताईच्या दिरांची वाक्यं

माणसं एकमेकांशी बोलतात ती काहीतरी सांगण्यासाठी, हा माझा समज ताईच्या दिरांनी कायमचा मोडून काढला. त्यांच्या मते माणसं बोलतात ती त्यांना वाक्यं मिळावीत म्हणून. नव्वदच्या सुमारास मला रोह्याच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि मी पेणला ताईकडे राहायला आलो. पिशवी अजून माझ्या हातातच होती, तोवर हे गृहस्थ पुढे सरसावले. प्रवास कसा झाला, जेवलास का, काही नाही. म्हणाले, "'गणपतने सांगितलं की यशवंतने आपल्याला मारलं.' मार कोणी खाल्ला?" मी म्हटलं, "गणपतने." "आणि 'स्वतःला मारलं' म्हटलं तर?" "मग यशवंतने." "शाबास!" पाठीवर थाप मारून ते आत निघून गेले. मी ताईकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "तू लवकर सुटलास. गॅसवाल्याला सिलिंडर खांद्यावर असताना उभं केलं होतं."

ते कॉलेजात शिकवायचे, म्हणून सगळं पेण त्यांना सर म्हणायचं. मीही सरच म्हणू लागलो. 'तो', 'आपण', 'स्वतः' असले शब्द वाक्यात आपापला माणूस कसा हुडकतात, यावर ते कित्येक वर्षं प्रबंध लिहीत होते. मला त्यांनी तो जेवता जेवता समजावून सांगितला. "उपवाक्य म्हणजे एक घर समज. 'स्वतः' हा घरकोंबडा रे. त्याला आपला माणूस त्याच चार भिंतींत लागतो. 'तो' म्हणजे पाहुणा. ज्या घरात बसलाय त्या घरातला तो नसतोच. आणि 'आपण' म्हणजे नुकती सासरी आलेली मुलगी. बसलेली इथं, लक्ष सगळं मागच्या घराकडे." हा कायदा कुणी कुणाला शिकवत नाही, माणूस तो डोक्यात घेऊनच जन्माला येतो, असं सांगताना त्यांचा घास हातातच राहायचा आणि आमटी निवून जायची.

कायदा सगळ्यांच्या डोक्यात आहे म्हटल्यावर सरांना कुणीही चालायचं. गणपतीच्या कारखान्यात जाऊन ऐन डोळ्यांच्या आखणीच्या वेळी त्यांनी वाक्य काढलं, तेव्हा मूर्तिकार मान न वळवता म्हणाला, "सर, तुमचं भांडण जरा बाहेर घेऊन जा. माझा हात हलंल." धरमतरकडच्या मिठागरावर एकाने तर वाक्यच साफ नाकारलं. "यशवंता? नाय वो सर. तो कुनावर हात उचलायचा नाय. गनपतच लबाड हाय." "अहो, पण मार कोणाला बसला?" "बसलाच नाय, तर कोनाला सांगू?" बिघडलेल्या वाक्याच्या डोक्यावर त्यांच्या शास्त्रात म्हणे चांदणी काढतात. ही खोड घरातही उतरली होती. भाजीत मीठ जास्त पडलं की सर काही न बोलता बोटाने हवेत चांदणी काढायचे. एका पाहुण्याने ती वाहवा समजून दोनदा भाजी मागून घेतली आणि नंतर तांब्याभर पाणी प्यायला.

हे सगळं ताईने हसत सोसलं असतं. पण सासूबाई जाताना धाकट्याचं लग्न तिच्या गळ्यात घालून गेल्या होत्या, आणि सर प्रत्येक स्थळ वाक्याने उधळत होते. एका मुलीला त्यांनी भर बैठकीत गणपत-यशवंत विचारले. तिच्या वडलांनी पुढचा आठवडाभर पेणमध्ये गणपत कोण आणि मारामारी कशावरून झाली याची चौकशी केली आणि नकार कळवला. सरांची पस्तिशी जवळ आली होती. त्यात रोह्याचं स्थळ आलं, मुलगी शाळेत शिक्षिका. फोटो सरांनी आपल्या टेबलावर ठेवला तो परत दिलाच नाही. ताईला काय ते समजलं. तिने त्यांना देवापुढे उभं केलं. "भावजी, आज एकही वाक्य विचारायचं नाही. शपथ घ्या." त्यांनी घेतली, आणि लक्ष ठेवायला ताईने मला बरोबर धाडलं.

रोह्याला सर अगदी शहाण्यासारखे बसले. पोहे खाल्ले, मुलीला शाळेबद्दल विचारलं, तिचं उत्तर पुरतं ऐकून घेतलं. मुलगी चांगली मोकळेपणी बोलत होती. मी निर्धास्त होऊन पोह्यांकडे वळलो. एवढ्यात मुलीची आई दारातून म्हणाली, "ह्यांची शिफ्ट सुटली नाय अजून. हे म्हणतील तसं."

सर ताठ झाले. "हे म्हणजे कोण?"

"बाबा," मुलगी म्हणाली.

"तुम्ही नको, त्यांना सांगू द्या. काकू, तुमच्या बोलण्यात नाव कुठेच आलं नाही, माणूस घरात नाही. मग हे म्हणजे कोण, ते कळलं कसं सगळ्यांना? नाव सांगा ना."

नवऱ्याचं नाव! ती बाई लाल झाली. पदर सावरला, दाराची कडी धरली. सरांनी उदार होऊन सुचवलं, "उखाण्यात घेतलंत तरी चालेल." त्यावर काकू आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. मुलीची आत्या पोह्यांच्या बश्या उचलत म्हणाली, "सासूला कोन असं विचारतो का वो?"

परतीच्या गाडीत सर आधी हर्षाने फुलले होते. "अरे, वाक्यात माणूस नाही, खोलीत माणूस नाही, आणि एकालाही शंका नाही!" निडी स्टेशन आलं आणि ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "मुलगी चांगली होती रे." मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर सरांनी वाक्यं विचारणं बंद केलं. भाजी खारट झाली तरी बोट हलेना. गॅसवाला दारात रेंगाळून गेला. ज्या वाक्यांना ताई इतकी वैतागली होती, त्यांच्याशिवाय तिलाच घर खायला उठलं. असे बरेच दिवस गेले, आणि एका सकाळी मध्यस्थ येऊन गेल्यावर ताई पदराला हात पुसत सरांच्या टेबलापाशी गेली.

"भावजी, एक वाक्य आहे. 'मुलीने आईला सांगितलं की आपल्याला मुलगा पसंत आहे.' पसंत कोणाला?"

सरांनी वर न बघता सांगितलं, "मुलीला. 'आपल्याला' मागच्या घरातला कर्ता शोधतो, त्यामुळे..." आणि थांबले. "वहिनी, कुठली मुलगी?"

"रोह्याची."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "पण मी तर त्यांच्या आईला..."

"त्यावरूनच," ताई म्हणाली. "मुलगी म्हणाली, आमच्या घरात आई काय बोलते ते आजवर कुणी इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं."

लग्न झालं. पुढे सरांना दक्षिणेत कुठे नोकरी लागली आणि दोघं तिकडे गेली. प्रबंध पुरा झाला की नाही, मी कधी विचारलं नाही. ताईकडे मी अजून जातो. गप्पा होतात, चहा होतो, मधेच कुणी कुणाला अडवत नाही. घरी परतल्यावर मात्र आठवू लागलो तर ताई काय बोलली ते धड आठवत नाही.