सुतारकाकांची आरामखुर्ची

जन्मभर लोकांची घरं कपाटांनी भरून झाल्यावर सुतारकाकांच्या डोक्यात साध्या राहणीचं खूळ शिरलं. "माणसाला लागतं किती?" म्हणत त्यांनी स्वतःच्या हातची आरामखुर्चीसुद्धा शेजारच्या मास्तरांना देऊन टाकली.

वसंतात परसातले गुलाब फुलले. ते बघत पायरीवर बसून काकांची कंबर धरली. मग रोज सकाळी "मास्तरांची चौकशी करून येतो" म्हणत ते शेजारी जायचे आणि त्याच खुर्चीत रेलून कुंपणापलीकडची आपलीच बाग बघायचे. मास्तर बिचारे उभ्यानेच पेपर वाचायचे.

एकदा काकूंनी कुंपणावरून चहा पुढे केला.

"किती सुटसुटीत झालंय गं आयुष्य!" काका म्हणाले.

"झालंय खरं. आता माझीही खुर्ची मास्तरांना देऊन टाका, म्हणजे मलाही बाग दिसेल."