मायचा जुना ई-रीडर

आमच्या घरात पुस्तक म्हणून काही नव्हतंच. पुसेगावच्या शाळेत मी मैत्रिणींची पुस्तकं मागून आणायची आणि दोन दिवसांत परत करायची. माय दुसऱ्याच्या रानात हळद काढायला जायची. तरी मी बी.ए. झाले, घरातली पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

हिंगोलीला नोकरी लागल्यावर मी ई-रीडर घेतला, पाटीसारखं पुस्तकं वाचायचं यंत्र. माय प्रौढ वर्गात अक्षरं शिकली होती, पण छापील पुस्तकातली बारीक ओळ तिला दिसायची नाही. इथं अक्षर बोराएवढं करता येतं हे कळल्यावर तिनं तो ताब्यातच घेतला. मी लॅपटॉपवरून वायरनं त्यात एक जाडजूड कादंबरी भरून दिली. एकटीनं शेती करणाऱ्या बाईची गोष्ट होती. माय रोज दुपारी मोठ्यानं चार पानं वाचायची.

खंडेनवमीला तिनं विळा, खुरपं, कुऱ्हाड पूजेला मांडली आणि त्याच रांगेत ई-रीडरही ठेवला. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी तो चार्जच होईना.

मी तो हिंगोलीच्या दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे मॉडेल जुनं झालं. कंपनीनं यात नवीन पुस्तकं देणं बंद केलंय. नवा घ्या, तुमचं सगळं बराबर त्यात येतं."

घेतला. सगळं काही आलं नाही. मी विकत घेतलेली पुस्तकं आपोआप उतरली, मायची वायरनं भरलेली कादंबरी मात्र राहिली. ती पुन्हा भरली, तिचं पान शोधून दिलं. तर नव्याला पान उलटायचं बटणच नाही, काचेवर बोट टेकवायचं. खुरपून खुरपून मायची बोटं अशी टणक झालेली, की काच दाद देईना.

"ह्याला माझं बोटच कळत न्हाई, बाई."

"माय, जरा दाबून बघ."

"दाबूनच राहिले ना! तुझ्या बापावानी हाय, हाक मारली तरी वळत न्हाई."

ओट्यावरून बाबा ओरडले, "मला काहून ओढता त्यात?"

आम्ही हसलो. पण मायनं नवा फळीवर ठेवला तो ठेवलाच. गोष्टीतल्या बाईचं शेत बळकवायला दीर आला होता, नेमकं तिथं तिचं वाचन अडलं. आठ दिवस तिनं पुस्तकाचं नावही काढलं नाही. मला ते लागलं.

रविवारी मी जुना ई-रीडर भंगारात द्यायला काढला, तर तिनं तो माझ्या हातातून ओढून घेतला. दारातल्या उजेडात धरला, वायरीच्या भोकात डोकावली आणि पायातला काटा काढायचा चिमटा घेऊन आली. चिमट्यात कुंकवानं लाल झालेला तांदळाचा तुकडा निघाला.

"बी.ए. झालीस, पण हे दिसलं न्हाई व्हय तुला?"

"पूजा कुणी केली होती?"

"म्या केली, म्याच निस्तरली!"

वायर लावली, दिवा लागला. थोड्या वेळानं कादंबरी तिच्या पानावर उघडली. कंपनी त्यात नवीन पुस्तकं देत नसेल तर न देवो, वायर आहेच. नवा मी घेतला, जुना मायकडे राहिला.

"दिरानं काय केलं गं?" मी एकदा विचारलं.

"तुला वाचता येतं ना? वाच की!"

दिवाळीनंतर मायनं ती कादंबरी संपवली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एक अख्खं पुस्तक स्वतः वाचून पुरं केलं.